म्हशीनं खाल्लेला पंख

सणसवाडीत खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालकाचे प्रश्न ठरलेले असतात. कंपनी कोणती, लग्न झालंय का, गाव कुठलं; आणि गावावरून अंदाज आला नाही तर आडनाव पुन्हा एकदा नीट विचारायचं. माझ्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते ओट्यावर उभे राहिले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हात वर करा."

मी केले.

"टाचा उचलून."

तेही केलं.

"चालतंय," ते म्हणाले. "खोली घ्या."

हा माणूस वेडा असावा, असं मला तेव्हा वाटलं. पण भाडं परवडणारं होतं आणि एका कंपनीच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्याने घरमालकाच्या डोक्याची तपासणी करायची नसते. उंचीचा खुलासा पहिल्याच रविवारी झाला. अंगणाच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा होत्या, समोर मालकांचा नवा बंगला, आणि मधोमध पत्र्याचं एक मोठं शेड. त्यात ट्रॅक्टर असेल, असं मी धरून चाललो होतो. रविवारी सकाळी शेडचं दार उघडलं आणि आठ-दहा भाडेकरूंनी मिळून आतून एक विमान बाहेर ढकललं.

खेळण्यातलं नव्हे, खरं. दोन पंखांचं, म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन मजले असलेलं, लाकडाच्या सांगाड्याचं, पुढे-मागे दोन उघड्या बैठका असलेलं. जगात विमानं अजून नवलाची होती आणि ती उडवणारे लोक गळ्यात रेशमी रुमाल बांधत, त्या काळातलं. मॉथ जातीचं. त्याची गंमत अशी की त्याचे पंख मिटतात. पुढची खीळ काढली की एका बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पंख जोडीने मागे वळतात आणि शेपटाला जाऊन टेकतात. असं मिटलेलं विमान गोठ्यातही मावतं. दर रविवारी ते बाहेर काढून, पंख उघडून, त्याला ऊन द्यायचं, हा त्या अंगणाचा नेम होता. बायका गोधड्यांना ऊन देतात तसाच. वरचा पंख पुसायला उंच माणूस लागतो. तो मी.

घरमालकांना सगळे आप्पा म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, अंगात कायम बिनबाह्यांची बंडी, आणि चहा उभ्यानेच प्यायची सवय. बसून चहा प्यायला की माणूस गप्पा मारतो आणि गप्पा मारल्या की खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते मास्तर म्हणत. "मी मास्तर नाही," असं मी दोनदा सांगितलं. "पुस्तकं हायती ना खोलीत? मग हाक मारायला चालतंय," ते म्हणाले. एवढी एक सवलत सोडली, तर खरेपणाच्या बाबतीत आप्पांसारखा कडक माणूस मी पाहिलेला नाही.

या कडकपणाचा त्रास सगळ्यांना होई. गावातल्या एका बागायतदाराच्या शोकसभेत वक्त्यांची अहमहमिका लागली होती. कुणी त्याला अजातशत्रू म्हणालं, कुणी देवमाणूस. आप्पा मागून उठले आणि म्हणाले, "माझ्याशी भांडान हुतं त्याचं. बांधावरनं. आन् बांध त्यानंच कोरला हुता. पण माणूस बरा हुता, आजारपणात डबा पाठवायचा." आणि खाली बसले. त्या सभेत मयताबद्दल खरं असं एवढंच बोललं गेलं, आणि त्याची विधवा फक्त त्याच वेळी रडली.

त्यांचा मुलगा राजकारणात होता. तालुक्यातल्या कुठल्याही चौकात त्याचा फोटो असलेला फ्लेक्स सापडे. अशाच एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'युवा नेतृत्व' असं वाचून आप्पा घरी आले आणि बायकोला म्हणाले, "नातू दहावीला बसला आन् ह्याचा बाप अजून युवा. मग मी कोन? बाळ?"

अंगणातल्या भाडेकरूंनाही सुटका नव्हती. विमानाच्या दोन पंखांमध्ये ताणाच्या तारा असतात. बीडहून आलेल्या एका बाईने एका रविवारी सरळ त्यावर पोलकी वाळत घातली.

"अगं बाई, ती पंखाची तार हाय," आप्पा म्हणाले. "कपड्याची न्हाई."

"मग पंखाचं काय वाळतंय तिथं?" बाई म्हणाली.

यावर आप्पांनी थोडा विचार केला. "तुझं बरोबर हाय," ते म्हणाले, "पण कपडे काढ."

बिहारहून आलेला एक वेल्डर मुलगा नवा होता. त्याने विचारलं, "चाचा, ये उडता है?"

"नहीं."

"कभी उडेगा?"

"नहीं."

"तो फिर रखा काहे को है?"

"तू उडता है क्या?" आप्पा म्हणाले. "तेरेकू खोली दिया ना?"

विमान बघायला लोक येत. त्यांना आप्पा त्याचा इतिहास सांगत. नेहमी त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि मध्ये कुणी भर घातली तर पुन्हा पहिल्यापासून. तो असा.

हे विमान एका लहान संस्थानिकाने हौसेने घेतलं. त्यात बसल्यावर राजेसाहेबांना उलटी झाली, म्हणून त्यांनी ते एका फ्लाइंग क्लबला देऊन टाकलं. क्लबात त्याच्यावर नवी पोरं शिकली. एके दिवशी क्लबचा एक वैमानिक दौंडला रेल्वेतल्या एका साहेबाकडे जेवायला गेला. विमानाने. जेवण चांगलं झालं. परत येताना त्याने भीमेचा काठ धरला होता, पण जिथे घोड नदी भीमेला मिळते तिथे त्याने चुकून घोड धरली. पुणं येईना. पेट्रोल संपलं आणि तो इनामगावच्या शिवारात बाजरीच्या रानात उतरला. नाकावरचा फिरता पंखा मोडला, चाकाचा आस वाकला, माणसाला काही झालं नाही. इनामगावात आप्पांच्या आत्याचं घर. आप्पांचे वडील तिथे गेले होते. क्लबला ते मोडकं ओझं परत न्यायचं नव्हतं आणि वडलांना बैलगाडीला हवेची चाकं हवी होती. त्यांनी चाकांसाठी अख्खं विमान घेतलं.

"तिथं जमिनीतनं जुनं निघतं," मी एकदा म्हणालो. इनामगावला उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडलेली आहे. "तुमचं मात्र वरून पडलं."

"पडलं न्हाई. उतरलं," आप्पा म्हणाले आणि राजेसाहेबांच्या उलटीपासून पुन्हा सुरू केलं.

चाकं बैलगाडीला लागली. विमान गोठ्यात गेलं. पंखांचं कापड जागोजाग फाटलेलं होतं. आप्पा तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. त्यांनी ठरवलं की आपण हे नीट करायचं. मूळ कापडाला कसलंसं वासाचं औषधी रोगण असतं, त्याने ते ताठ होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मांजरपाट आणलं, आईला ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ शिजवायला लावली आणि उजव्या बाजूचा खालचा पंख झकास मढवला. खळ वाळल्यावर कापड ढोलासारखं वाजायला लागलं. आप्पा त्या रात्री समाधानाने झोपले. गोठ्यात विमानाशेजारी म्हैस होती.

"सकाळपतूर तिनं अर्धा पंख खाल्ला," आप्पा सांगत. "कापड आन् खळ दोन्ही. लाकूड ठेवलं."

ऐकणारे हसत. आप्पा हसत नसत. त्यांच्या लेखी राजेसाहेब, क्लब, वैमानिक आणि म्हैस हे सगळे त्या इतिहासात एका ओळीत बसत, आणि त्यातली म्हैसच एकटी अशी की जिचा उद्देश स्पष्ट होता. पुढे त्यांनी बैलगाडीची चाकं काढून विमानाला परत लावली आणि पुस्तकं मागवून, पत्रं लिहून, योग्य कापड आणि योग्य रोगण मिळवून तो पंख पुन्हा मढवला. पण जिथून म्हशीने खायला सुरुवात केली होती तिथली कड त्यांनी वेगळ्या रंगाची ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "झालंय ते दिसू द्या की."

आप्पांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. मामींचं या सगळ्यावर एक वाक्य होतं: "आमच्या लग्नात बी ह्यांनी वऱ्हाडाला आधी ते दावलं, मंग मला."

मी राहायला गेल्यावर चार-पाच वर्षांनी अडचण सुरू झाली. शेडचे पत्रे सडले होते. पावसाळ्यात बादल्या ठेवूनही पाणी पंखांवर यायचं. लाकूड एकदा फुगलं की पुन्हा जागेवर येत नाही. आप्पांचे गुडघे गेले होते. मुलाला शेडच्या जागेवर गाळे काढायचे होते, आणि त्यात गैर काही नव्हतं. तिथून आता चौपदरी रस्ता जवळ आला होता. विमान कुठे तरी जायला हवं होतं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी, हे आप्पांनाही कळत होतं. त्या एका गोष्टीची त्यांना काळजी होती. तब्येतीबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही.

त्याच सुमारास शिक्रापूरच्या पुढे असलेल्या एका शिक्षण संस्थेला विमान अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मिळाला. संस्थेच्या अध्यक्षांकडे इमारत होती, कारंजं होतं, स्वतःचा अर्धपुतळा होता. विमान नव्हतं. ते मुलाचे राजकारणातले वडीलधारे. सोसायटीच्या निवडणुकीत ते आपल्या पॅनेलमध्ये मुलाचं नाव घालणार होते. मुलाने शब्द टाकला, अध्यक्ष एका संध्याकाळी गाड्यांचा ताफा घेऊन अंगणात आले.

"आप्पा, ही ठेव आता समाजाला द्या," ते म्हणाले. अध्यक्ष समोर एकच माणूस असला तरी सभेत बोलल्यासारखे बोलत.

"देतो," आप्पा म्हणाले. "दोन गोष्टी. एक, त्याच्या डोक्यावर छप्पर पायजे. भिजलं तर दोन वर्सांत संपतंय."

"छप्पर काय, महाल बांधू."

"महाल नको. छप्पर. आन् दुसरं, पाटी लावायची तर सगळा इतिहास लिवायचा. म्हशीसकट."

"कुठली म्हैस?"

आप्पांनी राजेसाहेबांच्या उलटीपासून सगळं सांगितलं. अध्यक्षांना खूप हसू आलं. "घेऊ की!" ते म्हणाले. "म्हशीलाबी घेऊ!" त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. आप्पांनी मान डोलावली. शब्द झाला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुलाने विमान ट्रॅक्टरला बांधून, शेपटाच्या बाजूने ओढत, कॉलेजात पोहोचवलं. शेड त्याच दिवशी पाडलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणातले आम्ही सगळे टेम्पोतून कार्यक्रमाला गेलो.

मोठा मंडप, एलईडीचा पडदा, ढोलपथक. वर एक ड्रोन घोंगावत होता. त्या दिवशी हवेत एवढंच काही उडालं. विमान मंडपाच्या बाजूला पंख उघडून उभं केलं होतं आणि त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. त्याच्या मागे सिमेंटचा एक उंच नवा खांब होता. खांबाच्या टोकाला तिरकी लोखंडी चौकट. शेजारी क्रेन. छप्पर कुठेच नव्हतं.

प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पाटीवरचा पडदा सरकला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं: 'दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या उरात धडकी भरवणारे लढाऊ विमान.' खाली अध्यक्षांचं नाव, त्याखाली पाहुण्यांचं, त्याखाली बरीच नावं. ढोल वाजले. मग आप्पांना शाल, नारळ, फेटा दिला आणि सूत्रसंचालक प्राध्यापक म्हणाले, "आप्पांनी दोन शब्द बोलावेत."

आप्पांनी फेटा काढून हातात घेतला. "हे इमान कुठल्या बी लढाईत न्हवतं," ते म्हणाले. "ते जेवून परत येत हुतं." आणि शांतपणे, नेहमीच्या क्रमाने, सगळं सांगितलं. विद्यार्थी आधी हसले, मग गप्प बसून ऐकू लागले. "आन् उजव्या बाजूचा खालचा पंख म्हशीनं खाल्ला. तिचं ह्या पाटीवर न्हाई."

अध्यक्षांनी माइक घेतला. "आप्पांचा विनोदी स्वभाव सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

"इनोद न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् छप्पर कुठाय?"

"आप्पा, वर खांबावर कसं दिमाखात दिसेल! उडाल्यासारखं."

"पावसात?"

"रंग देऊ ना दरवर्षी."

आप्पांनी एकदा खांबाकडे बघितलं, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर फेटा, त्यावर नारळ. कठड्याला धरत पायऱ्या उतरले. विमानापाशी जाऊन एका हाताने माळा काढल्या आणि उजव्या पंखाच्या खिळीला हात घातला.

त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. पण मागच्या रांगेत बसलेले अंगणातले लोक उठले. रविवार होता, खिळीला हात लागला होता. पंख मिटायचे, एवढंच त्यांना कळलं. बीडची बाई आपल्या जागी, शेपटापाशी जाऊन उभी राहिली. वेल्डर डाव्या बाजूला गेला. मी हात वर करून वरच्या पंखाची कड धरली. प्रमुख पाहुणे हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवत होते.

व्यासपीठावर अध्यक्षांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. माइक चालू राहिला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "दादा, वडलांना आवरा. यादी उद्या जाहीर करायचीय."

मुलगा खाली आला. पांढरा कडक सदरा, गळ्यात उपरणं. आप्पांच्या शेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, माझा शब्द गेलाय तिथं."

"त्येंचा बी आला हुता की माझ्याकडं," आप्पा म्हणाले. "डावी खीळ काढ म्हनावं त्या वेल्डर पोराला, अडकलीय."

"अहो, शेड पाडलंय मी. न्यायचं कुठं?"

आप्पांचे हात थांबले. हे त्यांनी हिशेबात धरलेलं नव्हतं. त्यांनी पंखाच्या वेगळ्या रंगाच्या कडेवर तळवा ठेवला, आणि मला वाटलं, आता हे मागे फिरतील. त्यांचा चेहरा मी इतका म्हातारा कधी पाहिला नव्हता. "मला काय म्हाईत," ते म्हणाले. "पण हितं न्हाई."

मुलाने पाटीकडे पाहिलं. तिच्यावर शेवटून दुसऱ्या ओळीत त्याचंही नाव होतं. मग त्याने खिशातला मोबाइल आणि गॉगल काढून माझ्या शर्टाच्या खिशात घातले, कारण माझे हात वर होते, आणि तो ट्रॅक्टर आणायला गेला.

अहिल्यानगर रस्त्यावरून, भर दुपारी, आम्ही ते परत आणलं. पंख मिटलेले, शेपूट पुढे, तोंड मागे. मुलगा ट्रॅक्टरवर, आप्पा मडगार्डवर, आम्ही दोन्ही बाजूंनी चालत. मागे गाड्यांची रांग लागली. एका ट्रकवाल्याने ओरडून विचारलं, "काय झालं होतं, बंद पडलं का?" "न्हाई," आप्पांनी ओरडून सांगितलं, "पाटी चुकली!"

अंगणात शेडच्या जागी विटांचा आणि पत्र्यांचा ढीग होता. आभाळ भरून आलेलं. मुलाने ट्रॅक्टर थांबवला, उतरला, एकदा आभाळाकडे बघितलं आणि एकदा स्वतःच्या बंगल्याकडे. त्या बंगल्याचा हॉल सगळ्या परिसरात प्रसिद्ध होता. कार्यकर्त्यांसाठी लांबलचक सोफे, छताला नक्षी, मधोमध झुंबर. त्याची बैठक तिथेच भरायची.

"रुंदी किती होईल मिटल्यावर?" त्याने विचारलं.

आप्पांनी सांगितली.

मुलाने वेल्डरला हाक मारली. पुढची मोठी खिडकी चौकटीसकट निघाली, मग तिच्याखालची भिंत. झुंबर मुलाने स्वतः शिडीवर चढून उतरवलं. सोफे माझ्या खोलीत आले आणि काही महिने मी त्यांच्यामधल्या फटीत झोपलो. अंधार पडायच्या आत विमान हॉलमध्ये होतं. शेपूट स्वयंपाकघराच्या दाराला आणि तोंड अंगणाकडे. मामी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "इतकी वर्सं सवत अंगणात हुती," त्या म्हणाल्या. "आता घरात आली."

दुसऱ्या दिवशी पॅनेलची यादी लागली. मुलाचं नाव तिच्यात नव्हतं. त्याने ती वाचली, मोबाइल बंद केला आणि गवंड्याला दाराचं माप सांगायला गेला. गाळ्यांचं काम पुढे झालं, दुकानं चालली. हॉलचा हॉल मात्र पुन्हा झाला नाही. मी तीन वर्षांनी बदली होऊन खोली सोडली, पण जाणं-येणं राहिलं.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा आप्पा विमानाच्या मागच्या बैठकीत बसलेले होते. गुडघ्यांमुळे उभ्याने चहा पिणं बंद झालं आहे, आणि बसायचंच तर तिथे बसून ते फारसं बोलत नाहीत. मुलगा खाली तेलाचा हात फिरवत होता. निवडणुका जवळ आल्या होत्या. अंगणात मतं बरीच आहेत, आणि आता ती आप्पांच्या घरच्या सांगण्यावर जातात, हे तालुक्याला माहीत झालं आहे. बाहेर एक गाडी थांबली. अध्यक्ष आले होते, बरोबर कुणी नव्हतं.

ते दारात घुटमळले. आत यायची वाट आता मिटलेल्या पंखाखालूनच आहे, आणि तो छातीच्या उंचीवर येतो. मुलाने हात पुसले, पण पंख काही हलवला नाही. आप्पा वरून नुसते बघत होते.

आतून मामींचा आवाज आला, "या की, सायेब. जरा वाकून या, डोक्याला लागंल."

अध्यक्ष वाकले.